जुन्या बुलेटचे भाग: पावडर कोटिंग कशाला, पेंट कशाला?

प्रश्न रत्नागिरीहून आला आहे. वडिलांची १९८७ची साडेतीनशेची बुलेट पूर्ण खोलून ठेवली आहे. चॅसिसवर गंजाचे पोपडे, टाकीला दोन पोचे, मागच्या मडगार्डची कड सडलेली. कोटिंगवाला म्हणतो, "सगळंच पावडरमध्ये टाका, परत बघायला नको." गावातला पेंटर म्हणतो, "पावडर गेटाला आणि ग्रिलला ठीक, बुलेटला नाही." दोघांपैकी ऐकायचं कुणाचं, असं त्यांनी विचारलं आहे.

माझ्या शेडमध्ये जॉबवर्कचं पावडर कोटिंगही होतं आणि टू-के (हार्डनर मिसळायच्या पेंटचं) पेंटिंगही, त्यामुळे गिऱ्हाईक कुठल्या बाजूला वळलं तरी मला फरक पडत नाही. तुमच्या गाडीसाठी मी असं करेन: चॅसिस, स्विंग आर्म (मागचं चाक धरणारा दांडा), दोन्ही स्टँड, फूटरेस्टचे रॉड, कॅरियर, क्रॅशगार्ड आणि बॅटरीचा ट्रे पावडरमध्ये. टाकी, दोन्ही मडगार्ड, टूलबॉक्स आणि हेडलाईट बसते ते ॲल्युमिनियमचं डोकं पेंटमध्ये. सिलिंडर आणि सायलेन्सर या दोन्हींत नाही, त्यांचं वेगळं. असं का, हे समजून घेतलंत तर उरलेल्या भागांचा निर्णय तुमचा तुम्हाला घेता येईल.

पावडर म्हणजे रेझिन, रंगद्रव्य आणि हार्डनर यांची बारीक दळलेली कोरडी भुकटी. गनमधून बाहेर पडताना तिला ६० ते १०० किलोव्होल्टचा विद्युतभार मिळतो, आणि अर्थिंग केलेल्या लोखंडाला ती जाऊन चिकटते. मग तो भाग ओव्हनमध्ये जातो. साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भुकटी वितळते, पसरते आणि तिची रासायनिक जोडणी होऊन कडक कातडी तयार होते. एका हातात ६० ते १०० मायक्रॉन जाडी मिळते. थिनर नाही, ओघळ जवळपास नाहीत, आणि भाग थंड झाला की लगेच हाताळता येतो. दगड उडून लागला, पान्हा घसरला, बॅटरीचं ॲसिड सांडलं, तर यातलं बरंचसं ही कातडी साध्या पेंटपेक्षा चांगलं सोसते. चॅसिसच्या नशिबी नेमकं हेच असतं, म्हणून चॅसिसला पावडर.

ताकद ज्या उष्णतेतून येते, मर्यादाही त्याच उष्णतेतून येते. जो भाग २०० अंशांना अर्धा तास राहू शकत नाही, तो पावडरसाठी बाद. प्लॅस्टिक, रबर, बेअरिंग, ऑइल सील, आत तेल भरलेला शॉकॲब्सॉर्बर, सगळं बाद. तुमच्या टाकीचा प्रश्नही इथेच येतो.

जुन्या टाक्यांना कधी ना कधी डाग (सोल्डर) दिलेला असतो. गळती निघाली की गावातल्या माणसाने कथील-शिशाचा डाग मारून ती बंद केलेली असते, वरून रंग असल्यामुळे मालकालाही माहीत नसतं. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेला डाग १८३ अंशांना वितळतो. ओव्हनमधून टाकी बाहेर येते तेव्हा डाग ओघळून गेलेला असतो आणि जुनं भोक नव्या कोटिंगखाली लपलेलं असतं. ते कळतं पेट्रोल भरल्यावर. टाकीला आतून लायनिंग केलेलं असेल तर तेही या तापमानाला टिकेल असं धरू नका. पोच्यांचं म्हणाल तर पावडर पोचा झाकत नाही, आणि ज्या लांबीने (पुटीने) आपण पोचा भरतो ती साधी पॉलिस्टर लांबी ओव्हनमध्ये फुगते, फोड धरते. उष्णता सोसणाऱ्या धातुमिश्रित लांब्या मिळतात, पण त्यांनी दोन बोटांएवढी जागा सारखी करता येते, मोठा पोचा नाही.

आणि एक गोष्ट जिवाची आहे. रिकामी टाकी सर्वात धोकादायक असते, कारण द्रव पेट्रोल गेलं तरी आत वाफ आणि हवा यांचं मिश्रण राहतं. पेट्रोल ओतून टाकलं म्हणून कुणी टाकी तापवायला, वेल्डिंगला किंवा डाग द्यायला घेत असेल तर त्याला थांबवा. आधी डिटर्जंटच्या गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायची, कॉक आणि झाकण काढून वारा खेळवायचा, आणि वास गेला म्हणजे वाफही गेली असं धरून आगीजवळ न्यायची नाही.

टाकीला पेंटच का, याचं दुसरं कारण दिसण्याचं आहे. स्टँडर्ड बुलेटच्या काळ्या टाकीवरच्या सोनेरी रेषा हाताने ओढलेल्या असतात. रेषा ओढायची, वाळवायची आणि वरून क्लिअरचा (पारदर्शक) थर द्यायचा, ही रीत पेंटमध्ये सहज बसते. शिवाय पेंटच्या क्लिअरला १५०० आणि २००० नंबरच्या वॉटर पेपरने घासून पॉलिश केलं की आरशासारखा पृष्ठभाग मिळतो. पावडरचा पृष्ठभाग जवळून पाहिला तर थोडा लहरी असतो, कारागीर त्याला संत्र्याची साल म्हणतात. चॅसिसवर ते कुणाच्या लक्षात येत नाही. टाकीवर सकाळच्या तिरप्या उन्हात लगेच दिसतं. आणि उद्या किल्लीचा ओरखडा आला तर पेंटची टाकी तेवढ्यापुरती दुरुस्त होते. पावडरला टचअप म्हणजे वरून पेंटच लावायचा, आणि तो ठिपका वेगळा दिसणारच.

मडगार्डचं तसंच आहे. तुमची कड सडली आहे म्हणता, म्हणजे नवा पत्रा जोडून वेल्डिंग होणार, वेल्डिंग घासून लांबी येणार. लांबी आली की पावडर गेली. मडगार्डच्या आतल्या बाजूला मात्र लांबी लावू देऊ नका. तिथे टू-के इपॉक्सी प्राइमर आणि त्यावर चिखल-दगड सोसणारं रबरी अंडरकोट द्या. बुलेटचे मडगार्ड आतून सडतात, बाहेरून नाही.

आता चॅसिसवर येतो. कोकणातल्या गाडीसाठी माझं सगळं लक्ष इथेच आहे. पावडर जाड असते म्हणून गंज येत नाही, ही समजूत तुमच्या भागात फार महागात पडते. कातडी अखंड असेपर्यंत ठीक. दगडाने एक टवका उडाला, तिथून खारं दमट वारं आत शिरलं की गंज कातडीच्या खाली पसरतो. वरून सगळं चकचकीत दिसतं आणि एक दिवस सालपट हातात येतं. पेंटखालीही हेच होतं, पण पेंट लवकर फुगून दिसतो, पावडर बरेच दिवस लपवते. म्हणून पावडरची जाडी हा विचार दुसरा. तिच्याखाली काय आहे, हा पहिला.

खाली दोन प्रकारे तयारी होते. पहिली म्हणजे सेव्हन टँक, भाग ओळीने सात टाक्यांत बुडवायचा: तेल काढणं, धुणं, गंज काढणं, धुणं, ॲक्टिव्हेशन, झिंक फॉस्फेटिंग, पॅसिव्हेशन. नव्या पत्र्याच्या कपाटांना आणि पॅनेलना ही उत्तम. पण जुन्या चॅसिसच्या नळ्या पोकळ असतात, सांध्यांत फटी असतात. गंज काढायच्या टाकीतलं ॲसिड त्या फटींत शिरतं आणि धुवून पूर्ण निघत नाही. काही महिन्यांनी सांध्यातून तपकिरी ओघळ येतात ते त्यामुळे. म्हणून जुन्या चॅसिसला मी ब्लास्टिंग सांगतो, म्हणजे हवेच्या दाबाने खरखरीत कण मारून गंज आणि रंग उडवायचा. ग्रिट किंवा कॉपर स्लॅग वापरणारा शोधा. कोरड्या नदीच्या वाळूने ब्लास्टिंग करणाऱ्याकडे काम देऊ नका, त्या धुळीतली सिलिका तिथे राबणाऱ्या पोरांची फुप्फुसं कायमची खराब करते. आपल्या हौसेपायी तसं होऊ नये.

ब्लास्टिंग झालेलं लोखंड राखाडी, मॅट आणि अगदी उघडं असतं. जुलैच्या हवेत त्यावर काही तासांत तांबूस झाक येते. त्यामुळे ब्लास्टिंग एका गावात आणि कोटिंग दुसऱ्या गावात, मध्ये रात्रभर टेम्पो, असं करू नका. दोन्ही एकाच ठिकाणी, त्याच दिवशी. जमत असेल तर हे काम पावसाळा संपल्यावर काढा. ब्लास्टिंगनंतर उघड्या हाताने चॅसिस धरू देऊ नका, घामाचे डागसुद्धा कोटिंगखाली उमटतात.

त्यावर पहिला थर झिंकयुक्त इपॉक्सी पावडर प्राइमरचा. झिंक लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, त्यामुळे टवका उडाला तरी गंज पसरायला वेळ लागतो. हा प्राइमर ब्लास्टिंग केलेल्या उघड्या लोखंडावरच नीट काम करतो, झिंकचा लोखंडाशी थेट संपर्क लागतो. फॉस्फेटिंग केलेलं असेल तर त्यावर साधा इपॉक्सी प्राइमर पुरे. प्राइमर ओव्हनमध्ये अर्धवटच भाजायचा आणि मग वरचा थर मारून दोन्ही एकत्र पूर्ण भाजायचे. प्राइमर आधीच पूर्ण भाजला तर दोन थरांची पकड कमी होते. दुकानदाराला हे विचारा. "प्राइमर कशाला, पावडर हीच प्राइमर" असं उत्तर आलं तर चॅसिस उचलून दुसरीकडे जा.

वरचा थर प्युअर पॉलिस्टरचा हवा. स्वस्तात मिळते ती इपॉक्सी किंवा इपॉक्सी-पॉलिस्टर मिश्र पावडर. ती घरातल्या कपाटासाठी असते. इपॉक्सी उन्हात टिकत नाही, वर खडूसारखी भुकटी येते आणि चमक जाते. नवी असताना दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून खोक्यावरचं लेबल स्वतः वाचा.

काळा रंग असेल तर पावडरमध्ये काही अडचण नाही, ग्लॉस, सेमी-ग्लॉस, मॅट सगळ्या काळ्या तयार असतात. दुसरा कुठला खास रंग हवा असेल तर लक्षात घ्या की पावडर दुकानात कालवून शेड जुळवता येत नाही. ती कारखान्यात बनते आणि खोक्याने मिळते, एका चॅसिससाठी कुणी वेगळी बनवून देत नाही. पेंटवाला मात्र तुमच्या टूलबॉक्सच्या आतल्या न उडालेल्या रंगावरून शेड लावून देईल. टाकी पेंट आणि चॅसिस पावडर असे दोन्ही काळे करताना चमक जुळवून घ्या. आधी चॅसिस करून घ्यायची आणि तिचा एक छोटा भाग पेंटरच्या हातात द्यायचा, हा सोपा मार्ग.

रंगावरून आठवलं, बुलेटच्या बाबतीत हे हटकून विचारलं जातं. लष्करी ऑलिव्ह ग्रीन मारू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९च्या नियम १२१ प्रमाणे तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखलेला आहे. मूळ रंग बदलून दुसरा कुठला घेणार असाल तर आरसीवर तशी नोंद आरटीओकडून करून घ्या. आणि चॅसिस नंबर! ब्लास्टिंगच्या आधी त्याचा स्वच्छ फोटो काढा, त्यावर जाड टेप लावा, ब्लास्टिंगवाल्याला बोट ठेवून दाखवा. त्या जागी एकच पातळ थर द्यायचा. गंजलेला नंबर ब्लास्टिंगने पुसला गेला तर तुमच्या हातात मालकी सिद्ध न होणारं लोखंड उरेल.

मास्किंगबद्दल, म्हणजे पावडर नको त्या जागा झाकण्याबद्दल, सविस्तर लिहितो, कारण कोटिंग सुंदर आणि गाडी जुळेना, हा प्रकार मी सर्वात जास्त पाहतो. कोटिंगवाला गेट-ग्रिलचं काम करणारा असतो, त्याला बुलेटची भोकं माहीत नसतात. यादी तुम्हीच द्यायची, आणि शक्यतो बुचं तुम्हीच लावून द्यायची. सगळ्या आट्यांमध्ये सिलिकॉनची बुचं किंवा जुने बोल्ट. हँडलच्या कोनसेटचे (बेअरिंगचे) कप बसतात त्या दोन्ही जागा. स्विंग आर्मच्या बुशची भोकं. स्टँडची पिन. इंजिन माउंटिंगच्या पट्ट्या टेकतात ते सपाट भाग. सपाट जागेला उष्णता सोसणारी हिरवी पॉलिस्टर टेप. बोल्टच्या डोक्याखाली आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंना पावडर राहिली तर एका सांध्यात पाव ते अर्धा मिलिमीटर प्लॅस्टिक दाबलं जातं. ते हळूहळू चेपतं आणि आवळलेला बोल्ट सैल होतो. बुलेटच्या थरथरीत तर लवकरच.

अर्थिंगची जागा विसरू नका. चॅसिस ही वायरिंगची निगेटिव्ह बाजू असते आणि पावडर विजेला अडवते. नव्या कोटिंगनंतर हॉर्न घोगरा, इंडिकेटर मंद, हेडलाईट लुकलुकणारी, म्हणून वायरिंग बदलणारे लोक आहेत. बॅटरीची अर्थ वायर बसते तिथे रुपयाएवढी जागा उघडी ठेवा, जोडणी झाल्यावर तिथे ग्रीस लावा.

नळ्यांच्या आत अडकलेली ग्रिट हा आणखी एक धोका. ब्लास्टिंगनंतर चॅसिस उलटीसुलटी करून, रबरी हातोड्याने ठोकून, कॉम्प्रेसरच्या हवेने प्रत्येक भोक फुंकून घ्या. हे कोटिंगच्या आधी करायचं. उरलेले कण पुढे बेअरिंगमध्ये उतरतात.

काम परत आल्यावर काय तपासायचं? आधी आतले कोपरे. स्टिअरिंगच्या नळीला जिथे दोन नळ्या मिळतात, तिथल्या बेचक्यात विद्युतभारित पावडर शिरायला तयार नसते, ती बाहेरच्या कडांनाच चिकटते. चांगला कारागीर तिथे व्होल्टेज कमी करून आधी कोपरे भरतो, मग बाकीचं. टॉर्च घेऊन पाहा, राखाडी लोखंड डोकावत असेल तर तिथूनच गंज सुरू होणार. दुकानात जाडी मोजायचं मीटर असेल तर चार ठिकाणी लावायला सांगा.

दुसरी तपासणी भाजणीची. ओव्हनचा काटा २०० दाखवतो ते हवेचं तापमान असतं. पातळ पट्टी पटकन तापते, स्टिअरिंगच्या नळीजवळचं जाड लोखंड सावकाश. वेळ मोजायची ती जाड लोखंड तापल्यापासून. कच्ची राहिलेली पावडर दिसायला अगदी पक्क्यासारखी असते आणि सहा महिन्यांत कवचासारखी निखळते. जाड भागाजवळ, न दिसणाऱ्या जागी, थिनरमध्ये भिजवलेलं फडकं जोर देऊन पन्नासेक वेळा घासा. चमक किंचित कमी झाली तर चालतं. रंग मऊ होऊन फडक्यावर भरभरून उतरला तर ती कच्ची आहे, परत ओव्हनमध्ये घालायला सांगा.

आता उरलेले भाग भराभर. शॉकॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगा सुट्या काढून पावडर करता येतात, पण गंज काढायला ॲसिडमध्ये बुडवू देऊ नका. कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि स्प्रिंग ठिसूळ होऊन तुटू शकते. फोर्कच्या क्रोम नळ्यांना काहीही लावायचं नाही. ॲल्युमिनियमचं ओतकाम सच्छिद्र असतं, ओव्हनमध्ये आतला वायू आणि मुरलेलं तेल बाहेर येऊन पावडरला टाचणीएवढी भोकं पडतात. त्यासाठी भाग आधी कोरा तापवून घ्यावा लागतो. तुमच्या हेडलाईटच्या डोक्यावर दगड फारसे लागत नाहीत आणि ते टाकीच्या शेजारी दिसतं, म्हणून मी पेंटच ठेवेन.

सिलिंडरचे पंखे उष्णता फेकण्यासाठी असतात. त्यांवर जाड कातडी चढवायची नाही. बीडाच्या सिलिंडरला उष्णता सोसणाऱ्या काळ्या पेंटचे दोन अगदी पातळ हात पुरेत. सायलेन्सरचा बेंड साध्या पावडरला आणि साध्या पेंटला दोन्हींना जाळून टाकतो. तिथे ६०० अंशांचा सिलिकॉन पेंट, खाली लांबी नाही, साधा प्राइमर नाही, फक्त स्वच्छ ब्लास्ट केलेलं लोखंड. हा पेंट हवेत फक्त वाळतो, पक्का होतो तो तापल्यावर. इंजिन पाच मिनिटं चालवून थंड करा, मग दहा, मग वीस.

पेंटचं काम कुणाला द्यायचं? ड्युको म्हणून जे मारतात ते नायट्रोसेल्युलोज असेल तर पेट्रोल सांडलं की खराब होतं. टाकीला ते नको. टू-के पॉलियुरेथेन मागा, म्हणजे हार्डनर मिसळायचा पेंट. क्रम असा: टू-के इपॉक्सी प्राइमर, पोच्यावर लांबी, सरफेसर, काळा बेस, रेषा, क्लिअर. स्वतः घरी मारायचा विचार असेल तर तो सोडा. हार्डनरमधले आयसोसायनेट श्वासातून गेले तर कायमचा दमा लागू शकतो, आणि कापडी मास्क त्याला अडवत नाही. बूथ आणि बाहेरून हवा पुरवणारा मास्क असलेल्याकडेच द्या. पैसे वाचवायचे असतील तर घासायचं काम घरी करा, ते मेहनतीचं आहे, पण फवारणीएवढं धोक्याचं नाही. जुना रंग शिशाचा असू शकतो, तेवढं ओलं घासा.

पावडरचे भाग थंड झाले की जोडायला तयार. पेंट झालेल्या टाकीला मात्र किमान आठवडाभर पेट्रोलपासून लांब ठेवा आणि महिनाभर वॅक्स लावू नका. चॅसिसवर इंजिन चढवताना पट्ट्यांना जुनं रबर किंवा जाड कापड गुंडाळा, पहिला टवका बहुतेक वेळा याच कामात उडतो. उडालाच तर त्याच दिवशी घासून झिंक प्राइमर आणि वर काळा पेंट लावा. शंभर-दोनशे किलोमीटर झाल्यावर इंजिन माउंटिंग, स्विंग आर्म आणि स्टँडचे सगळे नट परत आवळून घ्या. एखादा नट दर वेळी थोडा फिरत असेल तर तो खोला, वॉशरखालची पावडर घासून काढा, उघड्या लोखंडाला ग्रीसचा हात द्या आणि मग बसवा.